भोंगेमामांची खबर

भोंग्यातून आधी खोकला ऐकू यायचा, मग खबर. मामा एकदा खोकले तर समजायचं, कुठेतरी सेल लागलाय, टाकीजला नवा सिनेमा आलाय, नाहीतर उद्या नळ येणार नाहीत. दोनदा खोकले की गावात कोणीतरी गेलं. दुसरा खोकला कानावर पडताच आमची आई पोळी तव्यावर तशीच सोडून दारात धावायची. शेजारच्या काकूही शेगडीपासून उठून यायच्या. खबर संपेपर्यंत दोघी पदर सावरून उभ्या असायच्या, तोवर आत जळका वास सुटलेला असायचा. आमच्या गल्लीने त्या काळात किती करपलेल्या पोळ्या खाल्ल्या, त्याला गणती नाही.

वाशिममध्ये आज चाळिशीच्या पुढे असलेल्या कोणालाही विचारा, भोंगेमामा त्याला माहीत असणारच. खरं नाव विचाराल तर मात्र तो डोकं खाजवेल. मी त्यांना मामा म्हणायची, माझी आई मामा म्हणायची, आणि त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान असलेले माझे बाबाही त्यांना मामाच म्हणायचे. सबंध गावाला एकच मामा पुरवायची कामगिरी त्यांनी निमूटपणे पार पाडली.

अंगाने ते काडीपैलवान होते. देवाने आवाज देताना माप चुकवलं, असं आई म्हणायची. आधी सायकलरिक्षा होती, पुढे एक जुनी ऑटोरिक्षा आली. टपावर दोन भोंगे, आत बॅटरी आणि मशीन, आणि माईकच्या तोंडाला बांधलेला धुतलेला पांढरा रुमाल. माईक हातात असला की 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' अशी इस्त्रीची भाषा. माईक खाली ठेवला की लगेच "काहून वं पोरी, आज शाळेत नाही गेली?" मी एकदा त्यांना विचारलं की मामा, तुम्ही माईकवर वेगळं का बोलता? तर म्हणाले, "माईकवरचं बोलनं म्हंजे परीटघडीचे कपडे हायेत. चौकात जाचं असलं तं घाला लागतेत. घरी कोन घालते?"

सेलची खबर ते गाडी चालवता चालवता सांगत. पण मौतीची खबर असली की चौकात गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, चपला काढून ठेवायच्या आणि मग माईक हातात घ्यायचा, हा त्यांचा नेम. उन्हाळ्यात आमच्याकडचं डांबर कसं तापतं ते ज्याचं त्याला ठाऊक. एक पाय उचलून दुसऱ्या पायावर उभे राहत, पण खबर पूर्ण करत. नाव सावकाश घ्यायचे, मधे श्वास न घेता. "मेलेल्या मानसाले पयत्या गाडीतून सांगायचं नसते," ते म्हणायचे. "त्याचं नाव शेवटचं घेऊन राह्यलो आपन. जरा उभं तं राहा."

पत्ता सांगायची त्यांची रीत मात्र जगावेगळी. घर क्रमांक, प्लॉट क्रमांक, अमुक नगर, तमुक कॉलनी यातलं त्यांना काहीच मान्य नव्हतं. 'गोटी सोड्याच्या बोळीत', 'कोळशाच्या लाँड्रीसमोर', 'मिरची कांडपाच्या मागे', असा त्यांचा पत्ता. गंमत म्हणजे देव तलावाजवळचा तो गोटी सोडा बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली, लाँड्रीच्या जागी मोबाईलचं दुकान, आणि मिरची कांडपाची जागा रस्ता रुंद करताना रस्त्यातच गेलेली. मी म्हणायची, "मामा, नव्या माणसाला हे कसं कळायचं?" ते म्हणायचे, "नवा मानूस दोन जनायले पुसन. तेवढीच त्याची गावात वयख होईन."

याच रीतीने एकदा त्यांची फजिती झाली. आमच्या गावात दोन टाकीज होत्या. पहिली बंद पडून तिथे कापसाचं गोदाम झालं, तिला मामा 'जुनी टाकीज' म्हणत. मग दुसरीही बंद पडली, तिथे मंगल कार्यालय झालं. मामांच्या लेखी ती अजून 'नवी टाकीज' होती, पण पोराटोरांना दोन्ही सारख्याच जुन्या. एक रिटायर गुरुजी गेले. मामांनी खबर सांगितली, अंत्ययात्रा जुन्या टाकीजच्या मागून निघेल. गुरुजींचे मानोऱ्याकडचे पंधरा-वीस नातेवाईक जीप करून आले, त्यांनी चौकात एका पोराला विचारलं, आणि ते हार घेऊन, डोळे पुसत पोचले दुसऱ्या टाकीजमागे. तिथे एका घरी बारसं होतं. घरच्यांना वाटलं, हे सुनेच्या माहेरचे. त्यांनी या बसा केलं, पाणी दिलं. मग जीपमधल्या एका म्हातारीने दारातच हंबरडा फोडला आणि पाळण्यातलं पोर दचकून उठलं.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी गुरुजींच्या घरी जाऊन हात जोडले. मग झबलं-टोपडं घेऊन बारशाच्या घरी गेले. तिथल्या आजीने त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मामा सगळं ऐकून म्हणाले, "माय, चुकी माही हाये, पन थोडी टाकीजची बी हाये. दोघीयनं एकाच गावात कायले मराव?" आजीला हसू आलं आणि मामा घुगऱ्या खाऊन परत आले. त्यानंतर त्यांच्या खबरीत दोन नवे पत्ते सुरू झाले, 'बंद जुनी टाकीज' आणि 'बंद नवी टाकीज'. सुधारणा करायची म्हणजे इतपतच.

दुकानांच्या मौतीची खबर त्यांनी केव्हा सुरू केली ते मला आठवतं, कारण आम्ही सगळे त्यांना हसलो होतो. अकोला नाक्यावर तासावर सायकली भाड्याने देणारं एक दुकान होतं. अर्धं वाशिम तिथल्या सायकलींवरून पडून शिकलेलं. ते बंद होणार, असं मालकाने सहज चहा पिता पिता मामांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यातून दोनदा खोकला आला. आई पोळी टाकून दारात.

"सर्व वाशिमकरांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, अकोला नाक्यावरील आपले सायकलचे दुकान, वय वर्षे सदतीस, आज सायंकाळी कायमचे बंद होत आहे. ज्यांनी तिथून सायकल नेली, ज्यांची ढोपरे तिथे फुटली, त्यांनी शेवटचे भेटून जावे."

आई आत येत म्हणाली, "म्हातारा वेडा झाला." मीही हसले. पण संध्याकाळी नाक्यावरून जाताना पाहिलं तर दुकानासमोर ही गर्दी. पोटं सुटलेली माणसं उरलेल्या चार सायकलींवर पाळीपाळीने चक्कर मारत होती आणि मालक कमरेवर हात ठेवून ओरडत होता, "बेल वाजवा हो साहेब, बेल!" त्या माणसाला इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

मग जे जे दुकान बंद पडेल त्याची खबर मामा सांगू लागले. बांगड्यांचं, स्टोव्ह दुरुस्तीचं, स्टेशनकडचं पाटी-पेन्सिलीचं. याचं काही घेत नसत. कोणी थट्टा केली तर म्हणायचे, "मानूस गेला तं चार लोक खांदा द्याले येतेत. दुकान गेलं तं मालक एकटाच शटर वढते, कुलूप लावते अन् घरी जाऊन जेवते. हे बराबर हाये काय?"

हे बरोबर नव्हतं हे मला कळलं, ते आमच्यावर पाळी आली तेव्हा. बालाजी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचं टोप्यांचं दुकान होतं. पांढऱ्या टोप्या, काळ्या टोप्या, लग्नातले फेटे, दुपट्टे. आमच्याकडे लग्न असो की तेरवी, व्याह्याला आणि मामाला टोपी-दुपट्टा दिल्याशिवाय मानपान होत नाही. बाबा टोप्या स्वतः शिवायचे. माणूस पायरी चढेपर्यंत त्यांनी नजरेने त्याच्या डोक्याचं माप घेतलेलं असायचं. टेप लावून पाहायचे ते नुसतं गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. रिठदची डोकी मोठी आणि आसेगावची लांबट, असा त्यांचा सिद्धांत होता. दोन्ही गावांतली माणसं तो ऐकून खूश होत. मात्र बाबा बोलायचे इतकं हळू, की गिऱ्हाईक गल्ल्यावर वाकून कान पुढे करायचं. बाबांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, माझ्या लग्नात मंगलाष्टकं म्हणतानासुद्धा नाही.

पुढे तयार टोप्या आल्या, शंभराचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत. लोक फोटोपुरती टोपी डोक्यावर ठेवू लागले आणि मांडवातच टाकून जाऊ लागले. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा जाईना. एकदा जेवताना त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर दुकान बंद करतो. मग ताटातच बघत मला म्हणाले, "भोंगेमामाले सांगू नोको."

मी सांगितलं. माझं लग्न गावातच झालेलं, शाळेत शिकवायला जाताना मामा रोज भेटायचे. त्यांच्यापासून लपवणं मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर लपवायचं नव्हतंच. बाबांनी एकट्याने शटर ओढून घरी येऊन जेवावं, हे मला सहन होणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी मामा दुकानात येऊन बसले. मी तिथेच होते.

"टोपीवाले, पोरीनं सांगतलं मले."

"मंग झालं. समजलं ना तुमाले," बाबा म्हणाले.

"गावाले समजाले पायजे."

"कायले? गावानंच टोप्या घालनं सोडलं. आता अजून हसं करून घेऊ? म्हनतीन, सगळ्यायच्या डोक्यावर टोपी ठेवली अन् सोताच उघडा पडला."

मामा उठत म्हणाले, "तुमी नाही म्हनता तं नाही. घरच्याईच्या हुकमाबिगर मी मौत सांगत नाही." आणि निघून गेले. मला त्यांचा रागच आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की या माणसाने जरा नियम मोडावा.

दुकान बंद करायच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो, तर दुकानासमोर मामांची गाडी उभी. इंजिन बंद, मशीन बंद, माईक रुमालात गुंडाळून ठेवलेला. मामा आमच्या पायरीवर अनवाणी बसलेले, चपला बाजूला. तोंडातून शब्द नाही.

आता विचार करा, भोंगा उभा आणि मामा अनवाणी असून गप्प, असं वाशिमने कधी पाहिलंच नव्हतं. समोरचा किराणावाला पहिला आला. "मामा, कोन गेलं?" मामांनी नुसती मान मागे केली, "त्याईले पुसा." किराणावाला बाबांकडे. बाबा कावरेबावरे. "कोनी नाही गेलं बापा. दुकान बंद करून राह्यलो." त्याच्या मागून दूधवाला, त्याच्या मागून मंदिरातले दोघे, भाजीच्या गाड्यावरच्या बाया. प्रत्येक जण मामांना विचारी, मामा मागे मान करीत, आणि बाबांना तेच पुन्हा सांगावं लागे. पहिल्या चार जणांना सांगताना ते शरमेने हातातली टोपी उलटसुलट करत होते. दहाव्याला सांगताना त्यांनी दुकान कोणत्या वर्षी कोणाच्या हातून सुरू झालं तेही सांगितलं. विसाव्याला त्यांनी बसायला स्टूल दिलं.

दुपारी रिठदचे एक आजोबा एसटीने आले. त्यांना कोणी फोन केला देव जाणे. ते गल्ल्यावर वाकून म्हणाले, "टोपीवाले, बंद करता ते ठीक हाये. पन माह्या डोक्याचं माप आता कोनापाशी?"

बाबांनी एक कागद फाडून त्यावर 'साडेबावीस, मागून थोडी सैल' असं लिहिलं आणि आजोबांच्या हातात दिलं. आजोबांनी तो घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. ते पाहून बाकीच्यांनीही मापं मागितली. किराणावाल्याने जन्मात टोपी घातली नव्हती, त्यानेही मागितलं. बाबा टेप न लावता लिहीत गेले. मी कागद फाडून देत होते आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. संध्याकाळी शटर खाली ओढायला इतके हात लागले की बाबांना हात लावायला जागाच राहिली नाही.

"तुमी आयकलं नाही माहं," बाबा मामांना म्हणाले.

"म्या एक शबद काढला काय?" मामा चपला घालत म्हणाले.

त्यानंतर दोनच वर्षांत मामांचा भोंगाही बंद पडला. नव्या गाड्या आल्या, त्यांच्यात कोणा बाईचा आवाज भरलेला. खबर लिहून दिली की संगणकावरून तयार होऊन पेनड्राइव्हवर येते. ती बाई सेल आणि मौत एकाच सुरात सांगते, आणि गाडी पळती असते. मामांना कोणी बोलावेना. मुलाने पुसद नाक्यापलीकडे नव्या प्लॉटवर घर बांधलं, तिकडे ते राहायला गेले. रोज सकाळी मात्र आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. बाबा आणि ते, दोन बंद दुकानं, आई म्हणायची. पेपर वाचायचे, भांडायचे, चहा प्यायचे. तुमची खबर कोणी सांगितली नाही हो मामा, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "माही खबर कोन सांगन? सांगनारा मीच ना." हसले, पण चहा तसाच ठेवून लवकर उठले. त्या दिवशी मला माझी जीभ चावावीशी वाटली.

यंदा आषाढात ते आठ दिवस आले नाहीत. मुलगा म्हणाला, अकोल्याला दवाखान्यात नेलं आहे, बरे आहेत. नवव्या दिवशी मी बाबांना डोळे दाखवायला घेऊन निघाले होते. चौकात आलो तेव्हा समोरून ती पेनड्राइव्हची गाडी आली. बाई सांगत होती, "नारायण सखाराम यांचे दुःखद निधन झाले असून त्यांची अंत्ययात्रा प्लॉट क्रमांक अठरा येथून दुपारी दोन वाजता निघेल."

चौकात कोणी मान वर केली नाही. चहावाला कप विसळत होता, औषधांच्या दुकानात लोक उभे होते, मोबाईलच्या दुकानात गाणं चालू होतं. नारायण सखाराम म्हणजे कोण? मीही नुसतं ऐकलं आणि पुढे पाऊल टाकलं. बाबा मात्र जागच्या जागी थांबले. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मामा," ते म्हणाले.

मला एका क्षणात सगळं दिसलं. या गावातल्या प्रत्येक घरची खबर ज्याने सांगितली त्याची खबर गावात फिरते आहे, आणि ती कोणालाच कळत नाही. दोन वाजता प्लॉट क्रमांक अठरावर मुलगा, सून आणि चार शेजारी असतील.

बाबांनी हात आडवा करून गाडी थांबवली. "माईक दे," ते रिक्षावाल्याला म्हणाले.

"काका, माईकच नाही याच्यात. नुसता पेनड्राइव्ह हाये."

बाबांनी गाडीत डोकावून पाहिलं, खरंच नव्हता. ते माझा हात सोडून चौकाच्या मध्यावर गेले. "आयका हो," म्हणाले. त्यांचा तो आवाज, माझ्यापर्यंतसुद्धा नीट आला नाही. एक मोटारसायकल हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून गेली. मी धावत जाऊन म्हटलं, "बाबा, मी सांगते." त्यांनी मान हलवली. छातीवर हात दाबून धरला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले,

"आपले भोंगेमामा गेले हो!"

आवाज मधेच फाटला. पण चहावाल्याच्या हातातला कप थांबला. "कोन? आपले मामा?" औषधवाला काउंटरमागून बाहेर आला. मोबाईलच्या दुकानातलं गाणं बंद झालं. चहावाल्याने गॅस विझवला आणि पलीकडच्या भांड्यांच्या दुकानात हाक दिली, तिथून हाक पुढे गेली. एकामागून एक शटर अर्ध्यावर येऊ लागली. रिक्षावाल्याने स्वतःहून त्या बाईचा आवाज बंद केला.

मी बाबांना पाणी आणायला वळले. परत आले तेव्हा ते तिथे नव्हते. ते पुढच्या चौकाकडे चालू लागले होते.